अमेरिकन क्वार्टभर पाणी

मुलांनो, तुमच्या अमेरिकेतला क्वार्ट आणि इंग्रजांचा क्वार्ट एक नव्हे. हे मला दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत लोणावळ्यात कळलं, आणि कळेपर्यंत तेव्हा तान्ह्या असलेल्या तुमच्या बाबांच्या बरगड्या मोजता येत होत्या.

विषमज्वरात माझं दूध आटलं. तुमच्या आजोबांनी कुठून तरी अमेरिकन दूध पावडरचे डबे मिळवले. डब्यावर लिहिलं होतं: चार मापं पावडर, एक क्वार्ट उकळलेलं पाणी. घरात क्वार्टचं भांडं नव्हतं. आजोबांच्या शाळेतलं, सीसीच्या खुणांचं काचेचं मोजपात्र होतं. क्वार्ट म्हणजे दोन पाइंट, पाइंट म्हणजे वीस औंस, हे मला लहानपणापासून पाठ. हिशोब आला अकराशे छत्तीस सीसी. रोज तेवढंच पाणी घेई, थेंब इकडचा तिकडे होऊ देत नसे.

तीन आठवड्यांत बाळाचं वजन वाढायचं सोडून घटलं. आमच्याकडे राहणाऱ्या थोरल्या नणंदबाईंना आयतंच निमित्त मिळालं.

"मडमबाई, नळकांड्यानं मोजून पोर वाढतं होय? पाणी पाजतेयस त्याला, पाणी!"

"वन्सं, डब्यावर लिहिलंय तेच करतेय. वाचता येत नाही तर गप्प बसा."

कुरवंडे गावाहून चहापुरतं दूध घालायला येणारी बाई दारातूनच म्हणाली, "लेकरू लय सुकलंय, बाई. शेळीचं आणू का?" मी तिच्यावरही खेकसले.

त्याच दुपारी डबा संपला. फेकण्याआधी फिरवून पाहिला, तर लेबलाच्या जोडाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं: क्वार्ट म्हणजे बत्तीस औंस. चाळीस नव्हे! आजोबांच्या जाडजूड इंग्रजी शब्दकोशामागचं मापांचं कोष्टक काढलं. अमेरिकन क्वार्ट: नऊशे सेहेचाळीस सीसी. म्हणजे रोज एकशे नव्वद सीसी, चांगलं पेलाभर पाणी मी जास्त ओतत होते. वन्संचं ते 'पाणी पाजतेयस' अक्षरशः खरं होतं.

नवा डबा फोडला आणि नऊशे सेहेचाळीसवर हात थांबवला. कोणाला काही बोलले नाही. संध्याकाळी वन्संनी मीठमोहऱ्यांनी बाळाची दृष्ट काढली. पंधरवड्यात गाल भरले.

"हिच्या नळकांड्यानं नव्हे, माझ्या मिठानं वाचलं हो पोर," त्या आल्यागेल्याला ऐकवायच्या.

तो कोश त्यांच्या अंगावर भिरकावावासा वाटे. पण मग माझी चूकही सांगावी लागली असती. मरेपर्यंत त्यांनी ते श्रेय मिरवलं आणि मी दात आवळून मिरवू दिलं. त्याबद्दल मी त्यांना अजून क्षमा केलेली नाही.