जर्मन घरात जाधवांची पोर

सुट्टीवर बडोद्याला आले की कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीच्या बाकावर मैत्रिणी मला धरून बसवतात. "केम छे तारुं जर्मनी?" मी म्हणते, मस्त. "मस्त नको, किस्से सांग ने!"

किस्से काही गोळा करावे लागत नाहीत. दुसऱ्याच्या घरात राहायला गेलं की ते आपोआप होतात. खिडकी कधी उघडायची, टॉवेल कुठे वाळत घालायचा, सगळ्यातच काहीतरी घडतं. एक सांगायला घेतला की मागून चार येतात. आणि सांगताना मी माझीच बाजू घेते, हे आधीच सांगून ठेवते. त्यांची बाजू ऐकायची असेल तर तिकडे जा!

*

सुरुवात बडोद्यातच झाली. सयाजीगंजातल्या क्लासला जाऊन मी गुपचूप जर्मन शिकले आणि एक दिवस घरी जाहीर केलं, "मी ओ-पेअर म्हणून चालले." ओ-पेअर म्हणजे तिकडच्या एका कुटुंबात राहायचं, त्यांचं मूल सांभाळायचं, भाषा पक्की करायची. बदल्यात खोली, जेवण आणि हातखर्च. पुढे मला तिथेच नर्सिंग शिकायचं होतं.

बाबा रिफायनरीतून रिटायर झालेले. घरात त्यांचा शब्द शेवटचा, असं त्यांना वाटतं. ते म्हणाले, "लोकांची पोरं सांभाळायला जाणार? जाधवांची मुलगी? आपले पणजोबा गायकवाडांच्या फौजेत होते!"

मी म्हटलं, "मग ते तरी काय करत होते बाबा? लोकांचे घोडेच सांभाळत होते ना!"

आई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "विमानात बसलीस की माझ्याशी बोलायचं नाही."

"ठीक आहे," मी म्हटलं. एअरपोर्टवर आई आली, बाबा आले नाहीत. मीही मागे वळून पाहिलं नाही. शेवटी मुलगी त्यांचीच!

*

घर एका लहानशा गावात होतं. बिर्गिट आणि उवे हे नवरा-बायको, लेना ही त्यांची पहिलीतली मुलगी, आणि त्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर बिर्गिटची आई. तिला सगळेच ओमा म्हणायचे, म्हणजे आजी.

पोचले त्या दुपारी बिर्गिटने टेबलावर मोठा केक ठेवला. सफरचंदाचा, गरम. "खाणार?"

मी म्हटलं, "नको नको."

आता आपल्याकडे पाहुण्याचं 'नको' म्हणजे बोलण्याची नुसती सुरुवात. समोरच्याने "असं कसं, घ्या ने!" म्हणायचं, मग आपण "बरं, अगदी थोडा" म्हणायचं. बिर्गिटने मान हलवली, केक डब्यात भरला आणि डबा फ्रिजमध्ये ठेवून दिला. विषय संपला! मी खोलीत जाऊन आईने दिलेले थेपले कोरडेच खाल्ले. दोन दिवस हेच चाललं. मी नको म्हणायची, ते झाकण लावायचे.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, आता लाज गेली खड्ड्यात. बिर्गिटने सकाळी तोंड उघडलं, "केतकी, तू आजपासून..." आणि मी जोरात म्हटलं, "हो! हो, थँक यू!"

ती खूश झाली. प्रश्न होता, आजपासून कचऱ्याचे डबे खाली नेऊन ठेवायचं काम घेशील का!

*

आईने बॅगेत प्रेशर कुकर कोंबला होता. पहिल्याच रविवारी मी तुरीची डाळ लावली. तिसरी शिट्टी होते न होते तोच बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ. चेहरा असा की घरात चोर शिरलाय.

"आज रविवार आहे," ते म्हणाले.

"म्हणूनच वरण-भात करतेय," मी म्हटलं.

तिकडे रविवार म्हणजे शांतता. ड्रिल नाही, गवत कापायचं मशीन नाही, व्हॅक्यूम क्लीनरसुद्धा नाही. मला वाटलं, आता उवे मला ओरडणार. उवे शांतपणे जिन्यात गेला, बिल्डिंगच्या नियमांचा फलक वरपासून खालपर्यंत वाचला आणि परत येऊन म्हणाला, "कुकर लिहिलेला नाही. म्हणजे चालतो."

गृहस्थांनी विचार केला. "बरोबर आहे," म्हणाले आणि वर गेले. मी चौथी शिट्टी काढली.

पुढच्या महिन्यात फलकावर एक ओळ वाढली, रविवारी शिट्टीची भांडी बंद. बिर्गिट मला समजावायला आली, तर मी आधीच कामाला लागले होते. त्या रविवारी मी इडल्या केल्या. इडलीला शिट्टी लागतच नाही! वाफेबद्दल फलकावर एक अक्षर नव्हतं.

*

ओमाच्या मैत्रिणी दर गुरुवारी कॉफीला जमायच्या. त्यातली एक माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बिचारी! पण आता तू स्वतंत्र झालीस हं."

मला असा राग आला! अहो, मी सुभानपुऱ्यातल्या मावशीकडे भर ट्रॅफिकमधून एका हाताने स्कूटी चालवत जायचे, दुसऱ्या हातात ढोकळ्याचा डबा. आणि तिकडे आदल्याच दिवशी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना मी लाल सिग्नलला पाऊल टाकलं, तर लेनाने माझा कोट ओढून मला अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं झापलं होतं.

मी त्या बाईंना म्हटलं, "आजी, स्वतंत्र मी बडोद्यात होते. इथे मला सहा वर्षांची पोलीस ठेवलीय!"

बाईंनी माझा हात सोडला. ओमा मात्र टेबलावर हात आपटून हसली. त्या दिवसापासून आमचं जमलं.

*

जमलं म्हणून मी तिला पुरणपोळीच्या जेवणाला बोलावलं. ओमाने एक पोळी खाल्ली, छान म्हणाली. मी दुसरी वाढली. "नको," ती म्हणाली. मी वाढली. घरी आलेल्या माणसाला आग्रह न करता उठू द्यायचं? आईने बडोद्यात बसून मला फोनवरून मारलं असतं!

तिकडे ओमाची शिस्त अशी, की ताटात पडलेलं टाकायचं नाही. म्हणून ती खायची. ताट रिकामं दिसलं की मी वाढायची. वर तूप. ती परत खायची. दोघीही आपापल्या संस्काराला चिकटून! शेवटी ओमाने काटा खाली ठेवला, दोन श्वास घेतले आणि हळूच विचारलं, "मुली, तुझा माझ्यावर काही राग आहे का?"

मी तिला मग शिकवलं, की खरंच नको असेल तर दोन्ही हात ताटावर आडवे धरायचे आणि ओरडायचं. तेव्हापासून ती बिर्गिटकडे जेवतानाही तसंच करते. बिर्गिट बिचारी एकदाच विचारते, तरी!

*

आता शेवटचा. हा बाकावर अजून कुणाला सांगितलेला नाही.

दर रविवारी मी घरी व्हिडिओ कॉल लावायची. आई मोबाइल डायनिंग टेबलावर डब्याला टेकवून ठेवायची. समोर आई, आणि मागे सोफ्यावर एक उघडलेला पेपर. पेपराखाली दोन गुडघे. ते बाबा. महिने गेले, पेपर काही खाली येईना.

"एकदा सॉरी म्हण ने," आई कुजबुजायची.

"का म्हणू? चोरी केलीय?" मी मुद्दाम मोठ्याने म्हणायची. पेपर जरासा हलायचा, तेवढंच. फोन ठेवला की मात्र मला रडू यायचं. उगाच कशाला लपवू?

त्या रविवारी माझ्याकडे बातमी होती. मला नर्सिंगच्या ट्रेनिंगला घेतलं होतं. म्हणजे अजून तीन वर्षं तिकडेच. हे मला बाबांना सांगायचं होतं. आईकडून निरोप नव्हे, मी स्वतः, त्यांच्या तोंडावर. आणि माफी न मागता! पण पेपराशी कसं बोलणार? मी आईशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसले.

तेवढ्यात ओमा आत आली. आता ओमाची एक पद्धत आहे. खोलीत शिरली की ती प्रत्येकाला वेगळा नमस्कार करते, आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलत नाही. दवाखान्यातसुद्धा, बाकावरच्या प्रत्येक पेशंटला! ती माझ्या शेजारी बसली, आईला नमस्कार केला. आईने हात जोडले. मग ओमाने चष्मा सारखा केला आणि विचारलं, "तो पेपरामागे कोण आहे?"

"माझे वडील. ते माझ्याशी बोलत नाहीत."

"मी तुझं विचारलं नाही," ओमा म्हणाली आणि स्क्रीनजवळ वाकली. "गुटन टाग, हेर जाधव!" म्हणजे, नमस्कार, जाधवसाहेब!

पेपर हलला नाही. ओमाही हलली नाही.

"गुटन टाग, हेर जाधव," ओमा पुन्हा म्हणाली. अगदी शांत.

"अहो!" आईचा आवाज चढला. "म्हातारं माणूस नमस्कार करतंय, वाट बघतंय! हेच शिकवलं का तुमच्या फौजेत?"

पेपर खाली आला. बाबा बारीक झाले होते. दाढी वाढली होती. त्यांनी उठून शर्टाचं बटण लावलं, टेबलापर्यंत आले आणि हात जोडले. "नमस्कार, आजी."

ओमाने मान डोलावली. तिचं काम झालं होतं. ती उठून कॉफी करायला गेली.

बाबा तिथेच उभे राहिले. मी एका दमात बोलून टाकलं, "बाबा, मला नर्सिंगला घेतलं. तीन वर्षं. मी जाणार आहे."

बाबा खुर्ची ओढून समोर बसले. मग म्हणाले, "त्या आजींना सांग, मी तुझ्याशी बोलत नाही."

"सांगते."

"सांग. आणि हॉस्पिटल कुठल्या गावाला? तिथे थंडी किती असते?"