कोंबडीवर्ग

तित्तरसर माणसाच्या तोंडाआधी पायांकडे बघत. पनवेलच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे; तित्तर-लाव्यांसारख्या पाखरांचा ध्यास, म्हणून हे नाव. "आधी पाय बघा, मग नावं ठेवा," हे त्यांचं पहिल्या तासाचं वाक्य. लाव्यासारखाच दिसणारा एक पक्षी असतो, पण त्याला मागचं बोट नसतं, म्हणून तो लावा नव्हेच. एवढं सांगताना सर रंगात येऊन घामाघूम होत.

शास्त्रज्ञ अधूनमधून वर्गीकरणात तित्तरांचं घराणं बदलत, की सर नमुन्यांची कपाटभर कार्डं काढून मला पुन्हा लिहायला बसवत. "तित्तर तिथंच आहे, बाई. आपणच त्याचं बिऱ्हाड हलवतोय." मी प्रयोगशाळेत सहायक. लिहून लिहून हात भरून येत. मला त्या पाखरांचा मनापासून कंटाळा होता, हे आता सांगूनच टाकते.

पुढे गावामागची टेकडी गोदामांसाठी कापायची ठरली आणि सरकारी कचेरीने तिथल्या पक्ष्यांची यादी सरांकडे मागितली. रानपक्षी निघाले तर टेकडी वाचेल, अशी त्यांना आशा. आठ दिवस काट्याकुट्यांतून फिरलो. बांधावरचा शेतकरी हसायचा. "सर, आमी या सगल्यांना कोंबऱ्याच बोलतो. त्यात निवडायचा काय हाय?" सरांनी दोन तित्तर, एक लावा, एक चकोत्री अशा चार जाती निवडल्या. वर मथळा दिला, 'कोंबडीवर्ग'; शास्त्रात ही सगळी रानपाखरं त्याच वर्गात मोडतात.

टाइप मी केलं. रकाना अरुंद, मी दमलेली. नावं गाळून लिहिलं, 'कोंबड्या : चार'. सरांनी विश्वासाने न वाचताच सही केली.

कचेरीत त्या पाळीव ठरल्या. शेरा पडला, 'रानपक्षी नाहीत'. सर धावत गेले, तोवर टेकडीला यंत्रं लागली होती.

"मी खरं सांगते, सर," मी म्हटलं.

"तुमची नोकरी कंत्राटी. माझी संपत आलीय. चूक माझी, मी तसं लिहून दिलंय. आता गप्प बसा."

मी बसले. तित्तरसरांचे लोकांनी कोंबडीसर केले.

गेल्या महिन्यात ते गेले. कामोठ्याला शोकसभा झाली. एका प्राध्यापकाने कोंबड्यांचा किस्सा रंगवून सांगितला, सगळे हसले. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, माझ्याशेजारी बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "एवढा बारकाईचा माणूस. यांच्या हातून असं कसं हो झालं?"

"होतं, काकू," मी म्हटलं. "घाईत होतं."