पिवळ्या तोंडाची

शाळेतली मुलं तिला माशीबाई म्हणत. विज्ञान शिकवताना खिडकीबाहेर एखादी रानमाशी दिसली, की ती वाक्य अर्ध्यावरच सोडून द्यायची. घरीही तेच. जेवता जेवता उठायची आणि आपण कशाला उठलो ते विसरून दारातच उभी राहायची.

या वेळी मात्र जीव थाऱ्यावर नसायला कारण होतं. मागच्या अंगणात जमिनीत बिळं करून एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या होत्या. त्यातली एक तिने धरली. मादी, पण तोंड पिवळं. या कुळात पिवळं तोंड नराचं, मादीचं काळंच. अशी मादी कुठल्याही पुस्तकात नव्हती. म्हणजे जात नवी, नाहीतर पुन्हा तीच फसगत.

कारण एकदा तिचं हसं झालं होतं. तरुणपणी अशीच एक ‘नवी’ माशी तिने जाहीर केली. पुढे कळलं, माशी साधीच, पोटात एक किडा बांडगुळासारखा वाढत होता. तो किडा मादीचं रूपच पालटतो, तिला नराचा रंग चढवतो. तेव्हापासून कीटक-संग्रहालयातली माणसं तिला आधी विचारत, पोट बघितलंत ना?

“मग बघ की,” नणंद म्हणाली. “माशी शिंकली कुठे?”

“पोट उघडावं लागेल, ताई. ही एकच आहे. मोडली तर जगाला दाखवू काय?”

“दुसरी धर.”

तिने मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. माशी धरल्याला आठवडा होत नाही तोच नणंदेने गवंडी बोलावून अंगणभर फरशी घालून घेतली होती.

“मला काय ठाऊक, तुझं माहेर जमिनीखाली आहे ते,” नणंद पुटपुटली.

दोन दिवस तिने सूक्ष्मदर्शकावरचं कापड काढलं, घातलं, पुन्हा काढलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वाळलेली माशी ओलसर कापसावर मऊ केली आणि टाचणीने पोटावरची एकेक चकती उचलली. काही दिसेना. मग तिने पोट चिरलं.

“आहे?”

“नाही.”

“मग हस की, वहिनी. जिंकलीस.”

“दोन तुकडे झालेत. फाटक्या माशीवर कोण विश्वास ठेवणार? संग्रहालयवाल्यांना मला खोटं ठरवणं सोपं. मला एक अख्खी हवी.”

यंदाची पिल्लं फरशीखाली मोठी होऊन बसली असतील, पुढच्या फुलोऱ्याला वर यायच्या तयारीत. वर दगड. ती पहार घेऊन अंगणात आली आणि कुठून उचकटावं ते न सुचून फरशीवरच येरझाऱ्या घालू लागली.

नणंद पायरीवर येऊन बसली. “मधली काढू नकोस. मी अडखळून पडेन.”

“बिळं नेमकी कुठे होती, तेच आठवत नाही हो.”

नणंदेने पायरीवरूनच बोट केलं.

“कडेला. नळाशेजारी,” ती म्हणाली. “गवंड्याला मीच दाखवली होती. म्हटलं, आधी ही बुजव.”

तिने पहार नळाशेजारच्या फटीत घातली. नणंद उठली आणि पहारीच्या दुसऱ्या टोकाला हात लावून उभी राहिली.