खरपुडीचा मान

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. मोशीतल्या माझ्या घराच्या वरच्या खोलीत शिकायला आलेला एक इराणी पोरगा भाड्यानं राहायचा. दर रविवारी वाकडहून, पुण्यातून त्याच्या देशाची दहा-बारा पोरं-पोरी आमच्या गच्चीवर जमायची, भात रांधायची, आपल्या भाषेत गायची. पहिल्याच खेपेला त्यांनी माझ्या ताटात पातेल्याच्या तळाची खरपुडी वाढली. माझं डोकंच फिरलं.

"घरमालकाला करपलेला भात वाढता व्हय रं?"

तो हसत मोडक्या हिंदीत म्हणाला, "बाबा, हा मानाचा घास. यासाठी आम्ही एकमेकांशी भांडतो."

पुढं एकेक जण पांगला. कुणी जर्मनीला गेलं, कुणाचा व्हिसा संपला. एका रविवारी तर कुणीच आलं नाही. पोरानं भात मात्र सगळ्यांच्या मापानं केला होता.

"आरं, एवढा कुणासाठी?"

"कुणी उशिरा आलं तर, बाबा?"

अंधार पडेस्तोवर आम्ही दोघं जिन्याकडं बघत बसलो. मग त्यानं अख्खी खरपुडी माझ्याच ताटात उलटली. भांडायला कुणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो उरलेला भात फोडणीला टाकला, आणि नको नको म्हणणाऱ्या त्या पोराला हाताला धरून खाली आणून माझ्याशेजारी जेवायला बसवलं.