नसलेला निकाल

गौतमी रणपिसे यवतहून रोज एस.टी.नं दौंडच्या कोर्टात जायची. वडील गुऱ्हाळावर मजुरीला. घराण्यात वकील झालेली ती पहिलीच. तेरा वर्षं तिनं पुस्तकं उघडून वकिली केली. गेल्या वर्षापासून मात्र बाररूममधले सगळेच वकील फोनमधल्या एआयला विचारू लागले, तशी तीही विचारू लागली.

तिची अशील साखरबाई, तिचं प्रकरण साधं होतं. शेजाऱ्यानं तिची शेतात जायची गाडीवाट नांगरून टाकली होती. गौतमीनं मनाई हुकुमासाठी अर्ज केला आणि अशा वाटेच्या हक्कावर कुठला जुना निकाल आहे का, ते फोनला विचारलं. उच्च न्यायालयाचा निकाल आला, पक्षकारांच्या नावांसकट. चौदाव्या परिच्छेदात तर नेमकं साखरबाईचंच म्हणणं होतं. तिनं तो लेखी युक्तिवादात घातला.

"मॅडम, या निकालाची प्रत द्या," न्यायाधीश म्हणाले. "मला सापडला नाही."

आठवड्यानंतरची तारीख मिळाली. गौतमीनं वेबसाइट पाहिली, बाररूममधले निकालांचे जुने खंड चाळले. फोननं सांगितलेल्या पानावर भाडेकरूचा भलताच खटला निघाला. तिनं फोनला पुन्हा विचारलं, हा निकाल खरा आहे ना? होय, म्हणाला. परत विचारलं, तर माफी मागितली. त्यातलं काय खरं धरावं, तिला कळेना.

साखरबाईला सांगणं भाग होतं.

"म्हंजी कोर्टाचा निकाल कोर्टालाच घावंना?"

"कोर्टानं तो दिलेलाच नाही, मावशी."

"मग लिवला कुणी?"

"कुणीच नाही."

"कुणीच लिवला न्हाई, तर तुम्ही वाचला काय, वकीलबाई?"

गौतमीनं तो युक्तिवाद बाजूला ठेवला. मग म्हणाली, "त्या वाटेनं आणखी कोण जायचं?"

"कोंडिबाआप्पा. चाळीस वर्सं त्यांची बैलगाडी तिथनंच जायची."

दोघी आप्पांकडे गेल्या. त्यांनी वाट पावलापावलानं सांगितली आणि प्रतिज्ञापत्रावर सही केली.

तारखेला गौतमी उभी राहिली. "सर, तो निकाल अस्तित्वात नाही. मी पडताळला नाही, चूक माझी आहे. मी तो मागे घेते."

न्यायाधीशांनी कडक शब्दांत समज दिली. समोरचे वकील उठले. आता ते तुटून पडणार, असं तिला वाटलं. ते हळू आवाजात म्हणाले, "सर, मलाही माझे निकाल एकदा तपासायचेत. जवळची तारीख मिळावी."

पुढच्या तारखेला आप्पांच्या प्रतिज्ञापत्रावर मनाई हुकूम झाला. साखरबाई समाधानानं गावी गेली.

गौतमी बाररूममध्ये वर्षभराच्या फायली काढून बसली. त्यांतले कुठले निकाल पुस्तकातून घेतले होते आणि कुठले फोनमधून, हे काही केल्या तिला आठवेना.