बंदुकीला कुंकू

पोळ्याच्या आदल्या सांजेला आम्ही दोघांनी बैलांचे खांदे मळले. मी लोणी चोळत होतो, माझी म्हातारी हळद. वर्षभर जू बसून खांद्याला घट्टे पडतात, त्यांच्यावर ती अशी बोटं फिरवायची की बैल डोळे मिटून उभा राहायचा. मग बैलांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दरसाल म्हणायची. मी म्हणालो, "इतकी वर्सं झाली, मला कधी आवतण दिलं न्हाईस."

"तुमाला कशाला? तुमी न बोलावताच ताटावर येता."

एवढंच. त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून काही केलं नाही.

आमचं गाव चौसाळ्याच्या अलीकडं. पोळ्याला सगळे बैल वेशीपाशी जमतात. देशमुखाचा बैल मानाचा. देशमुख बंदुकीचा बार काढतो, मग मानाचा बैल तोरणाखालून पुढं जातो आणि त्याच्या मागून आम्हा कुळांची जनावरं. हा बार कोरा असतो. नुसती दारू ठासायची, वर चिंधी. आवाज होतो, धूर निघतो, लोक टाळ्या पिटतात.

त्या दिवशी सकाळी देशमुख सशामागं गेला होता. ससा घावला नाही. छर्रे भरलेली बंदूक तशीच आणून खुंटीला टांगली. दुपारी तीच उचलून वेशीत आला. गड्यानं कोरी दारू ठासून ठेवली असंल, असं धरून चालला. विचारलं नाही. बघितलं नाही. ज्याला कुणी कधी विचारीत नाही, त्याला विचारायची सवय कुठून असणार?

मानाचा बैल अडून बसला. त्याला बुजवायला देशमुखानं नळी आभाळाकडं न धरता बैलाच्या पाठीवरून आडवी धरली आणि बार काढला. पलीकडं आमची म्हातारी ताट घेऊन उभी होती. बैल आले की पायावर पाणी घालायचं, ओवाळायचं.

ती ओरडली पण नाही. आधी ताट पडल्याचा आवाज आला, म्हणून मी आधी ताटाकडं बघितलं.

देशमुख म्हणाला, "बैल पुढं घ्या रे. मुहूर्त टळतोय."

आणि लोकांनी बैल घेतले. तिच्या कडेनं घेतले. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि माझ्या पाठीला घासून गावाची जनावरं जात होती. गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. वाजंत्री पण थांबली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बीडहून पोलिसांचा अमीन आला. चावडीत देशमुखाच्या बाजेवर देशमुखाच्या शेजारी बसला. मी खाली, वहाणा हातात धरून. त्यानं मला एकच गोष्ट विचारली.

"बुड्ढी बीच में कायकू आई?"

मी म्हणालो, "मधी न्हाई आली, साहेब. दरसाल तिथंच उभी राहती."

देशमुख हसला. अमीनला म्हणाला, "डोक्यावर परिणाम झालाय बिचाऱ्याच्या." उर्दूत काय लिहिलं ते मला कळलं नाही. कळलं ते एवढंच की बंदूक आपोआप सुटली आणि म्हातारी आपल्या पायानं तिच्यापुढं गेली. अमीन जेवून गेला. बंदूक परत खुंटीला गेली.

तेराव्याला देशमुखानं गव्हाचं पोतं धाडलं. वर निरोप, "सवाष्ण गेली, भाग्य काढलं." पोतं मी दारातूनच परत लावून दिलं. निरोप मात्र परत लावता येत नाही. तो कानात राहिला.

त्याच सांजेला मारुतीच्या पारावर मी बोललो. म्हणालो, गावानं एकजुटीनं कचेरीत जावं, सांगावं की देशमुखाचा परवाना काढून घ्या, बंदूक सरकारात जमा करा.

शेजारचा दगडू उसळला. "अन् डुकरं कोण हाकलणार बे? तुझा बाप?"

"तुझ्या रानातलं डुक्कर त्यानं कधी मारलं, सांग."

दुसरा म्हणाला, "दरोडा पडला मंग?"

"कधी पडला हाय का?"

"बंदूक हाय म्हणून तर पडला न्हाई."

"मंग माझी म्हातारी कुणाच्या दरोड्यात मेली?"

एक जण दात काढून म्हणाला, "म्हाताऱ्या, असं हाय तर कुऱ्हाडी बी जमा करू. कुऱ्हाडीनं बी माणूस मरतंच की." पार सगळा हसला. तेराव्याच्या दिवशी हसला.

मी म्हणालो, "कुऱ्हाड घेऊन माणसाला जवळ यावं लागतं. डोळ्यात बघावं लागतं. अन् कुऱ्हाड तुझ्या घरात हाय, माझ्या बी घरात हाय. बंदूक एकट्याच्याच घरात हाय."

त्यावर एक तरणा म्हणाला, "मंग आपल्याला बी परवाने मागू. घरटी एक बंदूक."

लई जणांनी माना डोलावल्या. मला तिथंच उठून डोकं आपटावं वाटलं. एका बंदुकीनं एक बाई गेली, तर ह्यांना घरोघर बंदूक पाहिजे होती. त्याच्या हातातली काढा म्हणायला एक जण तयार नव्हता. भीती होती, ती मला कळत होती. पण भीतीला ते शहाणपण म्हणत होते. त्याचा राग लई.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडं खंडेनवमीला घरोघर नांगर, कुळव, विळे पुजतात. ते झालं की कुळातला कर्ता माणूस देशमुखाच्या सदरेवर जातो. तिथं लाल कापडावर तलवार आणि बंदूक मांडलेली असते. एकेकानं पुढं व्हायचं, बंदुकीला कुंकू लावायचं, डोकं टेकायचं. माझ्या बापानं टेकलं. मी टेकलं. कधी मनात आलं नाही की आपण कशापुढं वाकतो.

न गेलो तर रान जाईल, हे दगडूनं मला सकाळीच सांगितलं होतं. गेलो.

माझी पाळी आली. देशमुख सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "ये बाबा. तुझ्या हातचं कुंकू लागू दे. निर्जीव वस्तू हाय ती, तिच्यावर काय राग धरायचा?"

करंड्यात बोट बुडवलं होतं. नळीला झेंडूचा हार होता. नळीच्या तोंडाला पण एक फूल लावलं होतं. आणि मला आठवलं, तिला तिरडीवर ठेवली तेव्हा बायकांनी तिचं कपाळ असंच भरलं होतं. त्याच रंगानं.

मी बोट धोतराला पुसलं.

"मी न्हाई लावणार."

"काय म्हणला?"

"ह्या बंदुकीनं माझी बायको मारली. तुमच्या हातानं मारली. तिच्यापुढं मी वाकणार न्हाई, मालक."

दगडूनं मागून धोतर ओढलं. "खाली बस बे."

देशमुख शांत होता. "रान कुणाचं कसतोस?"

"तुमचं."

"मंग?"

"मंग रान घ्या."

आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासमोर पाठ करून चाललो. मागं कुणी हसलं नाही. एवढ्या माणसात एकाला पण हसता आलं नाही, हे मी जिना उतरताना ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी दसरा. तांबडं फुटायला मी दोन्ही बैल दगडूच्या दावणीला नेऊन बांधले. तो दारात उभा होता. त्यानं कासरे हातात घेतले. मी भाकरी फडक्यात बांधली आणि बीडची वाट धरली. गाव शीव ओलांडायला सांजच्याला वाजत गाजत निघतं. मी सकाळीच ओलांडली, एकटा.

कचेरीला त्या दिवशी कुलूप असंल, हे मला ठाऊक होतं. दारात बसणार होतो. कुलूप निघालं की जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाला, तालुकदाराला सांगणार होतो, उर्दू येत नाही तर आमच्या बोलीत सांगणार होतो: मला रान नको, गहू नको, मला बंदूक पण नको. त्याच्या हातातली काढा. हाकललं तर पायरीवर बसीन. पायरीवरून हाकललं तर रस्त्यावर. जोवर ती बंदूक त्याच्या खुंटीला हाय, तोवर त्या दारातून मी हलणार नाही.