कोरं बोट

आई इंग्लंडात नॉटिंगहॅमला आमच्याकडे कायमची राहायला आली, तेव्हा तिला इथे मत देता येतं ही बातमी मीच तिला दिली. पासपोर्ट भारताचा असला तरी चालतं, हे सांगताना माझा ऊर असा भरून आला होता, जणू तो कायदा मीच करून घेतला होता. आईने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि नाही दिलं तर कोण येतं?"

"कोण म्हणजे?"

"तहसीलदार वगैरे."

या प्रश्नामागे आमची कोकणातली वाडी होती. वाडीपुढच्या ओढ्यावर साकव नव्हता, म्हणजे पायी ओलांडायचा साधा पूलही नव्हता. पावसाळ्यात वाडी अडकून पडायची. शेवटी एका निवडणुकीला सगळ्या वाडीने मतदानावर बहिष्कार टाकला. दुपारी तहसीलदार जीप घेऊन ओढ्यापर्यंत आले आणि पलीकडून विनवू लागले. वाडीने अलीकडून त्यांना आपापलं बोट दाखवलं. एकाही बोटावर शाई नव्हती. पुढच्या पावसाआधी साकव झाला. आईच्या लेखी लोकशाही एवढीच होती: कोरं बोट, आणि ते बघायला आलेला साहेब.

नॉटिंगहॅमच्या घरापुढे ओढ्याऐवजी रस्ता होता. त्याला मात्र बारा महिने पूर असायचा. पलीकडे पार्क होतं. तिथल्या बाकावर दुपारी काही गुजराती आणि पंजाबी आज्या बसायच्या. आईला त्यांच्यात जाऊन बसायचं होतं. पण तिचा गुडघा एका वेगाने चालायचा आणि गाड्या दुसऱ्या. आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत. ती दिवसभर खिडकीत बसायची आणि संध्याकाळी मला सांगायची, "हिरव्या स्वेटरवाली आज आली नाही. बरं नसेल." त्या बाईशी ती जन्मात एक शब्द बोललेली नव्हती.

मी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन करून झेब्रा क्रॉसिंग मागितलं. कौन्सिलने ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात ते लोक फार चांगले होते.

मग कौन्सिलची निवडणूक लागली आणि आईने जाहीर केलं, "साकव नाही, तर मत नाही."

एका संध्याकाळी दारात उमेदवार उभा. कोटावर फितीचं फूल, डोक्यावरची टोपी हातात. आई मत देणार ना, असं त्याने अदबीने विचारलं. आई माझ्या पाठीमागून म्हणाली, "सांग त्याला, बहिष्कार."

बहिष्काराला इंग्रजी शब्द आहे आणि तो मला येत होता. पण बाहेर गारठा होता, माणूस भला दिसत होता, आणि हा शब्द दारात उभं राहून कसा उच्चारायचा ते मला सुचेना. मी म्हणालो, "शी इज अ बिट टायर्ड."

"काय सांगितलंस?"

"बहिष्कार."

"मग तो 'बिचारी' असा चेहरा करून का गेला?"

मतदानाच्या संध्याकाळी आई पुढच्या अंगणात उभी राहिली. तहसीलदार काही येत नव्हते. कुंपणापलीकडे शेजारचा म्हातारा होता, कारखान्यातून रिटायर झालेला, इथल्या जुन्या लोकांसारखं सगळ्यांना लाडाने 'डक' म्हणणारा. आईने त्याला आपलं बोट दाखवलं. त्याने ते नीट पाहिलं, आणि काहीतरी उत्तर द्यावं म्हणून आपलंही दाखवलं. तेही कोरं! आई हरखली.

"विचार, यांचा बहिष्कार कशासाठी?"

मी विचारलं. तो म्हणाला, "कान्ट बी बॉदर्ड, डक."

"कंटाळा येतो म्हणतोय."

"आणि बदक कोणाला म्हणाला?"

"मला."

मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली. "तू पण नाही दिलंस?"

"अगं, सकाळीच देऊन आलो. इथे शाई लावत नाहीत."

आई पायरीवर बसली. "म्हणजे तू दिलंस, तुझं बोट कोरं. याने कंटाळा केला, याचं कोरं. आणि माझं पण कोरं. मग माझा बहिष्कार दिसणार कुणाला?"

"कुणालाच नाही."

"मला याच्या कंटाळ्यात धरणार?"

मी म्हणालो, म्हणूनच मत द्यावं, ते कर्तव्य आहे. कोणाला दिलंस, असं तिने विचारलं. मला नाव आठवेना. पण दिलं होतं, हे मी ठासून सांगितलं. बायको आतून म्हणाली, "अहो, आता आत या."

पुढच्या निवडणुकीपर्यंत रस्ता तसाच राहिला आणि गुडघा आणखी बिघडला. मतदान केंद्र पार्काशेजारच्या चर्च हॉलमध्ये होतं, आणि या वेळी आईला निषेध तिथे जाऊन, दिसेल असा करायचा होता; म्हणजे तोही रस्त्यापलीकडेच. त्या दिवशी मी कामावर असताना तोच उमेदवार आला आणि आईला गाडीतून नेऊ का म्हणून खुणेने विचारू लागला. आई चटकन बसली. पलीकडे जायला गाडीला खाली राउंडअबाउटपर्यंत जाऊन वळून यावं लागलं. ते बरं झालं, त्यालाही कळलं, असं आई म्हणाली.

आत दोरीला बांधलेली पेन्सिल होती. तिने मतपत्रिकेवर आडवं, मोठ्या अक्षरात 'साकव' लिहिलं आणि घडी पेटीत टाकली. मग सवयीने टेबलामागच्या माणसापुढे बोट धरलं. त्याच्याकडे शाई नव्हती. त्याने क्षणभर विचार केला आणि ते बोट धरून अदबीने हलवलं. मोजताना तो शब्द पाहून कुणाला काय वाटलं असेल, देव जाणे. सही वाटली असेल.

ती बाहेर आली तर गाडी गेलेली. लिफ्ट मतापुरतीच होती.

मी कामावरून आलो तर घर रिकामं. बाहेर धावलो, तर पलीकडे पार्कातल्या बाकावर आई, शेजारी हिरव्या स्वेटरवाली, आणि कडेला तो म्हातारा, घरातल्या सपाता घालून. आई फुटपाथवर खोळंबलेली त्याला खिडकीतून दिसली होती. तो तसाच निघाला होता आणि हात वर करून गाड्या थांबवत पलीकडे गेला होता. घरी न्यायला आलेल्या त्याला आईने बाक दाखवला. त्यालाही घाई नव्हती.

मी अलीकडे उभा. गाड्या काही थांबेनात. आईने मला पाहिलं आणि बोट वर केलं. म्हाताऱ्यानेही केलं.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज दुपारी तिला पलीकडे नेऊ लागला. मत त्याने पुढेही कधी दिलं नाही. तो आळशी की बंडखोर, असं मी एकदा आईला विचारलं.

"ते मला काय ठाऊक," ती म्हणाली. "तो न बोलावता आला."

"आणि मी?"

"तू मत देतोस ना," आई म्हणाली, आणि चपला शोधू लागली. दाराची बेल वाजली होती.